नवा पार्ट बसविण्याआधी तपासा, इंजिनाचा ताप टाळा



गळीत हंगामाच्या तोंडावर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. ती पूजा सर्वांना दिसते. पण त्याच्या आधी बॉयलर हाऊसमध्ये एक काम उरकलेले असते, ते फारसे कोणाच्या नजरेस येत नाही. बॉयलरच्या काही नळ्या बदललेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह नवा घातलेला असतो. अशा वेळी आत थंड पाणी भरून पंपाने दाब चढवितात आणि कोठे पाझर आहे का ते पाहतात. १९२३ सालच्या बॉयलर कायद्यापासून ही शिस्त चालत आली आहे. नळी नवी कोरी आहे म्हणून तिला कोणी सूट देत नाही. आधी चाचणी, मग अग्नी.

आता आपल्या ट्रॅक्टरकडे, जीपकडे किंवा घरच्या मोटारीकडे पाहू. इंजिन गरम होते म्हणून आपण मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री म्हणतो, "थर्मोस्टॅट बदला, रेडिएटरची टोपी बदला." आपण दुकानातून नवा पार्ट आणतो, खोके फोडतो आणि तसाच बसवितो. नवीन आहे म्हणजे चांगलाच असणार, अशी आपली समजूत असते. पुढे दोन दिवसांनी, दोन ट्रॉल्या ऊस मागे जोडलेला असताना चढावर काटा पुन्हा लाल रेघेला टेकतो. मग आपण म्हणतो, "थर्मोस्टॅट तर नवाच आहे, म्हणजे दोष दुसरीकडे असणार." मग वॉटर पंप बदला, रेडिएटर उतरवा, हेड खोला, असे सुरू होते. खर्च वाढत जातो आणि मूळ दोष त्या नव्या थर्मोस्टॅटमध्येच बसून राहतो.

असे होऊ नये म्हणून इंजिन थंड ठेवणारे नवे पार्ट बसविण्यापूर्वी कसे तपासावेत, याची माहिती या लेखात देत आहोत. यातल्या निम्म्या चाचण्यांना एक पातेले, एक शेगडी आणि एक थर्मामीटर एवढेच लागते.

हा खटाटोप कशासाठी?

पहिले कारण उसाचे. ऊस तोडल्यापासून त्याचे वजन घटू लागते आणि आतल्या साखरेचे रूपांतर ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये होऊ लागते. या साखरेचे दाणे पडत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आपण नेहमी सांगतो. ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला की वजनात सभासदाचे नुकसान, उताऱ्यात कारखान्याचे नुकसान, आणि फडात टोळी बसून राहते ते वेगळेच.

दुसरे कारण इंजिनाचे. इंजिन मर्यादेबाहेर तापले की हेड वाकते, हेड गॅसकेट जळते, पिस्टन लायनरमध्ये धरतो. थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो. हेडचे काम निघाले तर खर्च हजारांत जातो आणि गाडी आठवडाभर गॅरेजला उभी राहते.

तिसरे कारण दुकानाचे. बहुतेक दुकानांत पाटी असते की बसविलेला माल परत घेतला जाणार नाही. ग्रीस लागलेला, सीलंट लावलेला पार्ट दुकानदार का घेईल? पण खोक्यासकट, डाग न लागता परत नेलेला पार्ट बदलून मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. म्हणजे तपासणीची खरी वेळ दुकान आणि इंजिन यांच्या मधली. ती एकदा गेली की गेली.

नवा पार्ट खराब कसा असेल?

हा प्रश्न सभासद विचारतात आणि तो रास्त आहे. त्याची कारणे साधी आहेत. बाजारात नकली माल येतो. अस्सल मालातही एखादा नग सदोष निघतो. पार्ट फार दिवस दुकानाच्या फळीवर पडून रबर कडक होते. आणि सर्वांत जास्त घोटाळा होतो तो आकाराचा. दोन वेगळ्या इंजिनांचे थर्मोस्टॅट मापाने अगदी सारखे असतात, जागेवर बरोबर बसतात, पण एक ८२ अंशांवर उघडणारा आणि दुसरा ८८ वर. यात पार्ट खराब नसतो, पण आपल्या इंजिनाचा नसतो.

म्हणून कोणत्याही चाचणीआधी एक नियम पाळावा. जुना पार्ट फेकू नये. तो धुऊन नव्याशेजारी ठेवावा आणि उंची, भोके, पात्यांची संख्या, वर कोरलेले आकडे हे सर्व ताडून पाहावे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातला आकडा हा शेवटचा शब्द समजावा, कारण जुना पार्टही आधीच्या कोणीतरी चुकीचा घातलेला असू शकतो.

थर्मोस्टॅट : मेणाची करामत

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरलेल्या उष्णतेला दरवाजा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जाते. शेतातल्या पाटाला जसे दार असते, तसेच हे. फरक इतकाच की दार उघडायला माणूस लागत नाही.

हे काम मेण करते. मधल्या पितळी डबीत खास जातीचे मेण भरलेले असते. मेण वितळते तेव्हा फुगते आणि एका दांडीवर जोर येऊन दरवाजा उघडतो. थंड झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग दरवाजा लावते. सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने १९३० च्या दशकात ही युक्ती काढली. त्यापूर्वीच्या थर्मोस्टॅटमध्ये लवकर वाफ होणारा द्रव भरलेली घडीदार डबी असे. आजही बहुसंख्य ट्रॅक्टर व मोटारी मेणावरच चालतात.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर पाणी रेडिएटरला जातच नाही आणि इंजिन पाहता पाहता तापते. म्हणून त्याची चाचणी सर्वांत महत्त्वाची.

पातेल्यातील चाचणी

लागणारे सामान : एक जुने पातेले (नंतर ते स्वयंपाकाला वापरू नये), ११० अंशांपर्यंत दाखविणारा थर्मामीटर, नायलॉनचा दोरा आणि चिमटा. ताप पाहायचा घरचा थर्मामीटर घेऊ नये. तो ४२ अंशांपर्यंतच असतो, गरम पाण्यात टाकताच फुटेल. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला थर्मामीटर लागतो.

प्रथम थर्मामीटरच तपासावा. पाणी खळखळ उकळू द्यावे आणि आकडा पाहावा. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांना उकळते, पण कोल्हापूर, पुणे ही ठिकाणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहेत. तेथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तेव्हा ९८ दिसले तर थर्मामीटर बरोबर आहे असे समजावे. ९२ किंवा १०४ दाखवीत असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये.

पुढची कृती अशी :

१. थर्मोस्टॅट थंड असताना उजेडाकडे धरून पाहावा. दरवाजाभोवती फट दिसता कामा नये. काहींना एक बारीक भोक आणि त्यात सैल पिन असते. ती हवा सुटण्यासाठी आहे, तो दोष नव्हे.

२. दरवाजा बोटाने किंचित दाबून फटीत नायलॉनचा दोरा घालावा आणि सोडून द्यावा. दरवाजा दोरा पकडून ठेवील. आता त्याच दोऱ्याने थर्मोस्टॅट थंड पाण्यात लोंबता ठेवावा. तो किंवा थर्मामीटर पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नये. बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेले असते, त्यामुळे आकडा फसवा येतो.

३. मंद आचेवर पाणी तापवावे आणि मधून मधून ढवळावे. ७५ अंशांच्या पुढे आच आणखी कमी करावी. मेणाला आतपर्यंत तापायला वेळ लागतो. भराभर तापविले तर चांगला थर्मोस्टॅटही उशिरा उघडल्यासारखा वाटतो.

४. दरवाजा उघडू लागला की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो. त्या क्षणीचा आकडा वाचावा. वर ८२ कोरलेले असेल तर ८० ते ८४ च्या दरम्यान सुटला पाहिजे. दोन अंश इकडे-तिकडे चालतील. दहा अंशांचा फरक चालणार नाही.

५. आता तो चिमट्याने उचलून पाण्यात मध्यावर धरावा आणि पाणी आणखी तापू द्यावे. सुरुवातीच्या आकड्यापासून साधारण बारा-पंधरा अंश वर गेले की दरवाजा पुरता उघडतो. पुष्कळ थर्मोस्टॅटमध्ये तो तेव्हा ८ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उचललेला असतो. पुस्तकात दिलेले माप पाहावे. सुरू होतो पण अर्ध्यावरच थांबतो असा नग घेऊ नये. रिकाम्या ट्रॅक्टरला तो चालून जाईल, भरल्या ट्रॉल्यांना पुरणार नाही.

६. बाहेर काढून थंड होऊ द्यावा. दरवाजा पुन्हा पूर्ण बंद झाला पाहिजे. अर्धवट उघडा राहिला तर तोही बाद.

येथे आपल्या भागापुरती एक सूचना. ८८ अंशांचा थर्मोस्टॅट पुरता उघडायला शंभरच्या आसपास उष्णता लागते आणि आपल्याकडे उघड्या पातेल्यात पाणी ९८ च्या वर जातच नाही. त्यामुळे ८८ चा नग पातेल्यात पुरता उघडलेला दिसला नाही म्हणून तो लगेच खराब ठरवू नये. तो वेळेवर उघडू लागला का आणि उकळत्या पाण्यात बऱ्यापैकी उचलला का, एवढे पाहावे.

हीच चाचणी जुन्या थर्मोस्टॅटचीही करावी. जुना बरोबर उघडत असेल तर इंजिन तापण्याचे कारण दुसरे आहे, हे नवा पार्ट आणण्याआधीच कळते.

बसविताना मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला यावी. उलटा बसविला तर गरम पाणी डबीला लागत नाही आणि दरवाजा उशिरा उघडतो. हवेचे बारीक भोक असेल तर ते वरच्या अंगाला ठेवावे.

"काढून टाका की तो थर्मोस्टॅट!"

हा सल्ला गावोगावी ऐकू येतो. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय? थर्मोस्टॅट काढला की पाणी मोकळं फिरतंय." ऐकायला बरे वाटते, पण यात दोन धोके आहेत. एक, इंजिन लवकर गरम होत नाही. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, ऑइल खराब होते आणि लायनर-रिंगांची झीज वाढते. दुसरा धोका त्याहून मोठा. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला दुसरी एक चकती असते. वरचा दरवाजा उघडला की ही चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो आणि बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात येते. म्हणजे थंड राहावे म्हणून काढला आणि इंजिन त्यानेच तापले. अशा इंजिनात चकती नसलेला साधा थर्मोस्टॅट घातला तरी हेच होते. म्हणून नवा नग जुन्याशी ताडताना खालची चकती आहे का, हे जरूर पाहावे.

रेडिएटरची टोपी : झाकण नव्हे, कुकरची शिटी

रेडिएटरच्या टोपीला आपण झाकण समजतो. खरे तर तिचे काम प्रेशर कुकरच्या शिटीसारखे आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. जुन्या धर्तीच्या ट्रॅक्टरवरील ७ पौंडी टोपी चांगली असेल तर पाणी ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. मोटारीच्या १३ पौंडी टोपीत ते ११७-११८ पर्यंत तग धरते. टोपी दाब धरीत नसेल तर तेच पाणी ९८ अंशांना उकळून बाहेर पडते. मग आपण म्हणतो इंजिन तापले. वास्तविक इंजिन तेवढेच गरम असते, फक्त टोपी गळकी असते.

टोपीला दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा, दाब जास्त झाला की सोडणारा. मधला लहान, इंजिन थंड होताना बाटलीतले पाणी परत आत घेणारा. नवी टोपी अशी तपासावी :

वरचा आकडा पुस्तकाशी जुळतो का पाहावे. तो कधी पौंडात, कधी बारमध्ये, कधी किलोग्रॅममध्ये असतो. १ बार म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड आणि १ किलो दाब म्हणजे जवळजवळ तेवढाच. रबराच्या दोन्ही कड्या मऊ व अखंड हव्यात. मधला लहान व्हॉल्व्ह नखाने ओढून सोडावा, तो सहज हलून परत बसला पाहिजे. मग टोपी रेडिएटरच्या तोंडावर, इंजिन थंड असताना, फिरवून बसवावी. शेवटच्या वळणाला स्प्रिंगचा जोर हाताला लागला पाहिजे. सैल फिरली तर तिची खोली तोंडाला जुळत नाही.

पक्की चाचणी करायची तर हातपंप आणि दाबमापक असलेले साधन मिळते. दाब टोपीवरील आकड्याच्या किंचित खाली आणून थांबावे. काटा स्थिर राहिला पाहिजे. आणखी दाब दिला की आकड्याच्या आसपास टोपीने हवा सोडली पाहिजे. लवकर सोडणारी टोपी पाणी उकळू देते. मुळीच न सोडणारी टोपी होज पाइप फोडते किंवा रेडिएटरचे जोड उसवते. म्हणून "जास्त दाबाची घातली तर बरं" असे म्हणून ७ च्या जागी १५ ची टोपी घालू नये.

एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली. गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नये. आतले पाणी ११० अंशांना असूनही दाबामुळे पाणीच राहिलेले असते. टोपी सैल होताच दाब उतरतो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उरलेले उकळते पाणी घेऊन तोंडावर येते. वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण आपल्या घरातील गृहिणी उघडत नाही, मग आपण का उघडावे? इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरच्या होज पाइपला हात लावता येऊ लागला की जाड फडके ठेवून हळूहळू फिरवावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, हेडला तडा जातो.

काटा आणि पंखा

पातेले शेगडीवर आहेच, तर त्यातच सेन्सरही तपासून घ्यावा. उष्णता दाखविणाऱ्या काट्याचा सेन्सर पाण्यात बुडवावा. त्याचे वायर जोडायचे टोक पाण्याबाहेर ठेवावे आणि मल्टिमीटर ओहमवर लावावा. सामान्यतः पाणी तापेल तसा ओहमचा आकडा सावकाश उतरत गेला पाहिजे आणि थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात तो कित्येक पटींनी कमी भरला पाहिजे. एका जागी अडकला किंवा मध्येच उडी मारू लागला तर सेन्सर परत करावा. जुन्या ट्रॅक्टरवर बारीक तांब्याच्या नळीचा काटा असतो. त्याचा फुगा थर्मामीटरशेजारी बुडवावा, दोन्हींचे आकडे जुळले की झाले. नळीला मात्र मोड पडू देऊ नये.

ज्या मोटारींना विजेचा पंखा आणि रेडिएटरवर पंख्याचा स्विच असतो, त्या स्विचवर पुष्कळदा ९२-८७ असे दोन आकडे असतात. ९२ ला पंखा सुरू व्हावा आणि ८७ ला बंद व्हावा, असा त्याचा अर्थ. मल्टिमीटर लावून पाण्यात ते पाहता येते. अलीकडच्या गाड्यांत मात्र असा वेगळा स्विच नसतो, तेथे पंखा संगणकाच्या हुकमाने चालतो.

पंख्याची नवी मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालवून पाहावी आणि वारा कोणत्या दिशेने जातो ते कागद धरून तपासावे. रेडिएटरमागे बसणाऱ्या पंख्याने वारा इंजिनाकडे ओढला पाहिजे. वायरी उलट जोडल्या तर तो पुढून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो.

वॉटर पंप

आपले मिस्त्री याला वॉटर बॉडी म्हणतात. नवा पंप हातात घेऊन पुली सावकाश फिरवावी. खरखर लागता कामा नये, पुली आडवी हलता कामा नये. मग आतले पाते घट्ट धरून पुली फिरवून पाहावी. पाते शाफ्टवर सरकत असेल तर पंप बाद, कारण बाहेरून पुली फिरताना दिसेल आणि आत पाणी ढकललेच जाणार नाही. हा दोष बसविल्यानंतर शोधणे फार कठीण. पात्यांचा आकार आणि त्यांचे वळण जुन्याशी ताडावे, कारण बेल्टच्या रचनेप्रमाणे काही पंप उलट दिशेने फिरणारे असतात.

पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असते. आतले सील खराब झाले की तेथून पाणी ठिबकते आणि आपल्याला सूचना मिळते. ते भोक लांबी लावून बुजवू नये. बुजविले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

रेडिएटर, होज पाइप आणि गॅसकेट

नवा किंवा दुरुस्त करून आणलेला रेडिएटर सायकलच्या ट्यूबसारखा तपासता येतो. एक तोंड बंद करून, दुसऱ्यातून हवा देऊन, तो पाण्याच्या हौदात बुडवावा आणि बुडबुडे पाहावेत. दाब मात्र टोपीच्या आकड्याइतकाच द्यावा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा मापकाशिवाय सरळ सोडली तर प्लॅस्टिकच्या टाकीचा रेडिएटर फुटून इजा होऊ शकते.

होज पाइप दोन बोटांत दाबून पाहावा. तो लवचीक असावा, भेगा नसाव्यात. खालच्या पाइपाकडे पंप पाणी ओढून घेतो. त्यामुळे जुन्या पाइपात आतून स्प्रिंग असेल तर नव्यातही ती हवी, नाहीतर जोरात चालताना पाइप चपटा होऊन पाण्याची वाट बंद होते. उभ्या गाडीत हे दिसत नाही.

हेड गॅसकेट प्रथम ब्लॉकवर नुसते ठेवून पाहावे. पाण्याची भोके भोकांवर आली पाहिजेत. उलटे ठेवले तर एखादी वाट झाकली जाते आणि मागचा सिलिंडर तापतो. हेड कोरून आणले असेल तर सरळ पट्टी उभी-आडवी-तिरकी ठेवून खाली फीलर गेज जाते का पाहावे आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडावे. तडा गेल्याचा संशय असेल तर ते काम प्रेशर टेस्ट करणाऱ्या वर्कशॉपचे आहे.

बसविल्यानंतरची चाचणी

इंजिन थंड असताना पाणी भरावे आणि हवा निघून जाऊ द्यावी. इंजिन सुरू करून वरच्या होज पाइपला, पंखा व बेल्ट सांभाळून, हात लावावा. प्रथम तो थंड राहिला पाहिजे आणि थर्मोस्टॅट उघडला की थोड्या वेळात चांगलाच गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू तापत गेला तर दरवाजा उघडा आहे. काटा वर गेला तरी पाइप थंडच राहिला तर दरवाजा बंद आहे किंवा आत हवा अडकली आहे. इंजिन ताबडतोब बंद करावे. ही खात्री रिकाम्या ट्रॅक्टरवर करून घ्यावी, भरल्या ट्रॉलीवर नव्हे.

पाण्याबद्दलही दोन शब्द. कारखान्याच्या बॉयलरला आपण बोअरचे पाणी घालत नाही. वाफेचे परत आलेले पाणी किंवा क्षार काढलेले पाणीच घालतो, कारण क्षारांचा थर नळीत बसला की उष्णता पलीकडे जात नाही. इंजिनाचेही तेच आहे. आपल्या बागायती पट्ट्यात बोअरचे पाणी जड असते, आणि सारे नवे पार्ट तपासून घातले तरी असे पाणी ते वर्ष-दोन वर्षांत निकामी करील. क्षारविरहित पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंटच घालावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचट आणि धूळ हंगामात वरचेवर काढावी. जाळी बुजलेली असेल तर कोणताही नवा पार्ट तिला उतारा नाही.

गटाने मिळून करावे

थर्मामीटर, मल्टिमीटर आणि टोपी तपासायचा हातपंप एवढे सामान प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. एका गटातील चार-सहा वाहनमालकांनी वर्गणी काढून एक संच घ्यावा, तो गावातील मिस्त्रीकडे ठेवावा आणि नवा पार्ट आणला की त्याच्या समक्ष तपासावा. मिस्त्रीवर अविश्वास दाखविण्यासाठी हे नाही. उलट मिस्त्रीचीही यात सोय आहे. चांगले काम करूनही सदोष पार्टामुळे बोल त्यालाच लागतात.

ऊस आपण एकट्याने पिकवितो, पण गाळप एकत्र करतो. वाहनांच्या बाबतीतही थोडे एकत्र आलो तर हंगामात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहण्याची पाळी पुष्कळ कमी येईल. वाहनमालकांनी हंगामापूर्वीच्या दुरुस्तीच्या वेळी ही माहिती मिस्त्रीला वाचून दाखवावी आणि पान गॅरेजच्या भिंतीवर लावून ठेवावे.